गप्प खाट

"आवाज नाही हो तुमच्या लेकीचा," मावशी म्हणाली आणि मोठ्या सिस्टरांच्या हातातला चहा हिंदकळून बोटांवर आला. मावशी म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात पुसण्यापासून पाणी देण्यापर्यंत सगळं बघणारी बाई. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या तरी ती होतीच, आणि इमारत पडली तरी ती असेल असं सगळे थट्टेनं म्हणत. पाण्याचा रिकामा जग घेऊन ती दाराबाहेर आली होती. "नाहीतर त्या बाकीच्या. छप्पर तेवढं उडवायचं ठेवलंय. तुमची मात्र अगदी तुमच्या वळणावर गेलीय. पाणी मागते तेवढंच. सारखं पाणी." असं म्हणून ती चपला फरफटवत नळाकडे गेली. कौतुकच केलं होतं तिनं, आणि मोठ्या सिस्टरांना ते आवडलंही. आवडलं, आणि लगेच कुठेतरी काहीतरी खुपलं. चपलेत बारीक खडा जावा, तो नेमका कुठे आहे ते कळू नये, आणि चालणं मात्र बिघडावं, तसं झालं. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि पुन्हा बाकाला पाठ टेकली. हा बाक त्यांनी आयुष्यभर आतल्या बाजूनं पाहिला होता, दार किलकिलं करून, नातेवाइकांना गप्प बसायला सांगताना. बसायला तो इतका वाईट असेल याची त्यांना कल्पना नव्हती. फळ्यांमधली फट बरोबर मांडीखाली येत होती, आणि कसंही बसलं तरी येतच होती.

दाराच्या आत नातेवाईक नाही, हा नियम त्यांचाच. कुणाची आई असो, कुणाची सासू असो, दाराशी थांबायचं. लेकीला, मौनीला, आत नेलं तेव्हा धाकटी जरा घुटमळली होती. धाकटी म्हणजे आत्ताची वॉर्डाची मुख्य सिस्टर. मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलींत वयानं सगळ्यात लहान होती म्हणून ते नाव पडलं, आणि आता केस पांढरे व्हायला लागले तरी ते काही सुटलं नव्हतं. "तुम्ही या ना आत, तुम्हाला कोण अडवणार," ती म्हणाली होती. तर ह्याच म्हणाल्या, "नियम तो नियम." म्हणताना छातीत जरा बरंही वाटलं होतं. धाकटीनं तपासून बाहेर येऊन सांगितलं, अजून पुष्कळ वेळ आहे, बाळाचे ठोके छान आहेत, काळजी नको. त्यालाही आता बराच वेळ झाला होता. मग आतल्या दोन बायका एकदमच अडल्या आणि धाकटी त्यांच्यात गुंतली. जावई परगावाहून निघाला होता, तो वाटेत. म्हणजे बाहेर बसून वाट बघायची, एवढंच काम. हे काम जगातल्या सगळ्या बायकांना येतं असं त्यांना इतके दिवस वाटे. आता कळत होतं की त्यांना स्वतःलाच ते येत नव्हतं.

आत कुणीतरी ओरडलं. लांब, वर चढत जाणारं. शेजारी बसलेल्या बाईनं कपाळाला हात लावला. "आमची सून," ती म्हणाली, चूक कबूल केल्यासारखी. "सकाळपासून असंच. शिव्या काय देते, नवऱ्याचं नाव घेऊन काय ओरडते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुमची कोण?" "मुलगी." "ती कुठली? आवाज तर दोघींचाच येतोय." "तिचा येत नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. बाई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत आदर होता, आणि थोडा हेवा. "नशीबवान आहात," ती म्हणाली. मोठ्या सिस्टर हसल्या, पण कान मात्र आपोआप कामाला लागले होते. सुनेचा आवाज अजून घशातून येत होता. रागाचा होता. म्हणजे हिला वेळ आहे. दुसरी आईला हाका मारत होती. ही पुढे गेलीय. ओरडणं थांबून पोटातून खोल हुंकार यायला लागला की मग पळायचं. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. एका हॉलात खाटाच खाटा, हाताखाली दोन मुली, आणि डॉक्टर बोलावल्याशिवाय यायचे नाहीत, अशा दिवसांत त्यांनी ही विद्या स्वतःच उभी केली होती. टेबलाशी बसून, मान खाली घालून काम करता करता त्या सांगत, "कोपऱ्यातल्या बाईकडे जा, आवाज बदलला," आणि मुलगी पोचते तोवर डोकं दिसायला लागलेलं असे. मुली त्याला कानाची तपासणी म्हणत. त्याच तपासणीचा दुसरा भागही त्या शिकवत. ओरडणारीला समजवा, ताकद आवाजात घालवू नको, बाळाला ठेव म्हणावं. आणि जी गप्प आहे तिची चिंता करू नका. गप्प आहे म्हणजे वेळ आहे.

गप्प आहे म्हणजे वेळ आहे. हे वाक्य त्यांच्या डोक्यात आलं आणि तिथेच घुटमळत उभं राहिलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. मावशी भरलेला जग घेऊन परत आत गेली आणि दार तिच्यामागे डुलत डुलत मिटलं. सारखं पाणी मागते. मागू दे की. उकडतं आहे. पंखे जुने आहेत. मौनीला लहानपणापासून तहान फार. लहानपणापासून? छे, तिला तर पाणी पी म्हणून मागे लागावं लागे. मौनी हे नाव तिच्या बापानं ठेवलेलं. जन्मली तेव्हा रडली, पण नंतर विशेष रडलीच नाही. शेजारणी कौतुकानं घरी येऊन बघून जात, आणि बाप म्हणे, आमच्याकडे मौनीबाबा आलेत, दर्शन घ्या. शाळेत असताना एकदा कपाटाच्या दारात तिचं बोट चेमटलं. मोठ्या सिस्टर ड्यूटीवर होत्या. संध्याकाळी घरी आल्या, हातपाय धुतले, भात टाकला, तिला वाढलं. आणि ती डाव्या हातानं जेवते आहे हे बघून त्यांनी विचारलं, उजव्याला काय झालं? तिनं टेबलाखालचा हात वर काढला. बोट काळंनिळं, नख उचकटलेलं. "दुखतंय का गं?" "थोडं." बोट मोडलं होतं. हाडाचे डॉक्टर म्हणाले, कमाल आहे पोरीची, मोठी माणसं किंचाळतात. आणि मोठ्या सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अभिमानानं फिरवला. घरी आल्यावर तिला जवळ घेऊन म्हणाल्या, शहाणी माझी ती. आता बाकावर बसून त्यांना त्या संध्याकाळचं बोट दिसत होतं आणि बोटापेक्षा जास्त तिचा चेहरा दिसत होता. आपण काहीतरी बरोबर केलं आणि त्याचं बक्षीस मिळालं, असा तो चेहरा होता.

शहाणी. हे शहाणपण त्यांच्या घराण्यात बायकांकडून बायकांकडे आलेलं. मोठ्या सिस्टरांची आजी वीटभट्टीवर कामाला होती. विटांच्या राशीआड बाळंत झाली, नाळ स्वतः कापली आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा डोक्यावर विटा घेतल्या. आई सूतगिरणीत. नवरा एक दिवस जो गेला तो परत आलाच नाही. तर ही रात्रपाळी करून चार पोरांना शिकवती झाली, आणि कुणी हळहळ करायला आलं तर त्यालाच चहा पाजून वाटेला लावी. आणि तिसऱ्या ह्या स्वतः. मौनीच्या वेळी सासरी, मधल्या खोलीत, तोंडून हूं की चूं नाही. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी हेच भाषण केलं होतं. इतिहासात लढाया लिहून ठेवतात, बाळंतपणं कुणी लिहीत नाही, असं म्हटल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला होता. बाई मोडत नाही, कारण बाई सोसते, असंही त्या म्हणाल्या होत्या आणि एका डॉक्टरीणबाईंनी डोळे टिपले होते. भाषण झकास झालं, यात वाद नाही. मौनी पहिल्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत होती का? आठवेना. ती नुसती बघत होती, असं आता वाटत होतं. नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करते, तिथं एखाद्या रेषेकडे बघावं तसं, ही रेघ इथून निघते आणि कुठे जाते, असं. ती रेघ आपल्यापर्यंत येणार आहे हे तिला तेव्हाच दिसलं असेल. आजीची विटांची रास, आईची गिरणी, मधली खोली, आणि त्यापुढे आतली ती खाट.

खाट कुठली दिली तेही त्यांनी विचारलं नव्हतं. त्या उठल्या. पुन्हा बसल्या. उठल्या म्हटल्यावर शेजारच्या बाईनं पाय आत घेतले होते, ते तिनं पुन्हा पसरले. आत आईला हाका मारणाऱ्या बाईचा आवाज एकदम बदलला. हुंकार. पोटातून. "पळा," मोठ्या सिस्टर पुटपुटल्या, आणि त्याच क्षणी आत चपलांची धावपळ ऐकू आली, धाकटीचा आवाज आला, "आले, आले, जोर दे, शाब्बास." बरोबर. अगदी बरोबर ओळखलं पोरीनं. शिकवलेलं फुकट गेलं नाही. सगळ्या पावलांचा आवाज एकाच दिशेनं गेला आणि उरलेला वॉर्ड शांत झाला. मोठ्या सिस्टर त्या शांततेकडे कान लावून बसल्या. इतकी वर्षं त्यांनी आवाज ऐकला होता. आवाजाच्या मधली जागा कधी ऐकली नव्हती. त्या जागेत आपली मुलगी पडून पाणी मागत होती. आणि धाकटी तिच्याकडे येणार नाही. काम टाळते म्हणून नव्हे; ती चांगली मुलगी आहे, जीव ओतून काम करते. ती येणार नाही कारण तिला शिकवलंय. जाता जाता तिनं विचारलंही असेल, कसं वाटतंय? आणि मौनी म्हणाली असेल, ठीक आहे. मग काय, वेळ आहे. सारखं पाणी. पाणी कोण मागतं सारखं? ज्याच्या अंगातलं काही बाहेर जातंय तो मागतो. पहिल्या वर्षाच्या मुलीला त्यांनी हा प्रश्न विचारला असता आणि तिला उत्तर आलं नसतं तर कान उपटला असता.

त्यांनी चहाचा कप शेजारच्या बाईच्या हातात दिला. बाईनं तो का घेतला हे तिलाही कळलं नाही. दार ढकलून त्या आत गेल्या. कुणी अडवलं नाही; अडवणाऱ्या त्याच तर होत्या. मौनी भिंतीकडच्या खाटेवर होती, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, उशीचा कोपरा मुठीत. त्यांना बघून ती हसली. ते हसू मोठ्या सिस्टरांच्या काळजाला घरं पाडून गेलं. ओठ पांढरेफटक. "आई, तू आत कशी?" "किती दुखतंय?" "थोडं." त्यांनी मनगट धरलं. हात गार, चिकट, आणि नाडी सुसाट धावत होती. पोटावर तळवा ठेवला. कळ आली की पोट घट्ट होतं, गेली की सैल पडतं. हजारो पोटांवर हात ठेवून हातालाच ते माहीत झालेलं. हे पोट फळीसारखं होतं. त्या थांबल्या. सैल पडेल म्हणून थांबल्या. पडलं नाही. "मधे थांबतंय का?" "नाही." "कधीपासून?" मौनीनं उशीचा कोपरा आणखी आवळला. "मौने, कधीपासून?" "सकाळी बाथरूममध्ये घसरले मी. कठड्यावर आपटलं पोट. फार नाही." "आणि सांगितलं नाहीस?" मौनी त्यांच्याकडे बघत राहिली. उत्तर तिच्या तोंडावरच लिहिलेलं होतं आणि त्यात दोष देण्यासारखं काहीच नव्हतं. कुणाला सांगायचं होतं, तुला?

"धाकटे!" मोठ्या सिस्टर ओरडल्या. उभ्या आयुष्यात या हॉलात त्यांनी आवाज चढवला नव्हता. राग आला की त्यांचा आवाज उलट खाली जाई आणि मुली हातातलं टाकून उभ्या राहत. आता तो असा निघाला की नवऱ्याला शिव्या देणारी सूनसुद्धा गप्प झाली. "धाकटे, इकडे ये! आतल्या आत रक्त जातंय हिचं, डॉक्टरांना बोलव, थिएटर उघडायला सांग!" धाकटी हातमोज्यांसकट धावत आली, पोटाला हात लावला आणि तिचा चेहरा उतरला. "मी विचारलं होतं हो तिला," ती म्हणाली. "ठीक आहे म्हणाली." "माहीत आहे मला. तुझी चूक नाही. पळ." मग सगळं एकदम सुरू झालं. मावशीनं जग टाकून ट्रॉली ओढली, कुणी सुई लावली, कुणी रक्ताच्या पिशव्यांसाठी धावलं, बाळाचे ठोके सापडले, मंद, पण सापडले. या सगळ्या घाईत मोठ्या सिस्टरांच्या हातांना काही काम उरलं नाही. त्या ट्रॉलीच्या कडेला धरून चालत राहिल्या. लांबलचक बोळ, दिवे, भिंतींना मारलेला तो कंटाळवाणा हिरवा रंग. मौनीचं डोकं प्रत्येक खाचेवर हलत होतं आणि ती दात आवळून वर बघत होती.

"ओरड गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दुखतंय ना, ओरड." "येत नाही," मौनी म्हणाली. मग पुढच्या वळणावर, "आई, तू कशी गप्प राहिलीस गं माझ्या वेळी?" प्रश्न साधा होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एखादी युक्ती असेल तर ती आत्ता हवी होती. आणि मोठ्या सिस्टरांना ती मधली खोली दिसली, नेहमी भाषणात दिसायची तशी नाही, होती तशी. बाहेरच्या खोलीत सासरे, दीर, शेजारचे कुणी. त्यांच्या खोकण्याचा आवाज. खोलीत फक्त आई, गिरणीतून थेट आलेली. आणि नाकातोंडावर जाड्याभरड्या साबणाचा वास. इतकी वर्षं तो वास आठवला की त्या दुसरं काहीतरी आठवायला लागत. "मी गप्प नव्हते," त्या म्हणाल्या. बोळात त्यांचा आवाज घुमला. "मी ओरडत होते. तुझ्या आजीनं माझं तोंड दाबून धरलं होतं. बाहेर माणसं होती ना. तळहातानं दाबलं होतं, घट्ट. मी चावले तिला. रक्त आलं तिच्या हाताला, तरी तिनं हात काढला नाही, आणि तीपण ओरडली नाही. फार दुखलं मौने. मरून जावंसं वाटलं होतं मला." मौनी त्यांच्याकडे बघत होती. "मग सगळ्यांना सांगतेस ते?" "आजीनं सांगितलं सगळ्यांना, हूं नाही केलं पोरीनं. सगळे वाखाणायला लागले. मग मलाही तेच खरं वाटायला लागलं." "आणि भट्टीवरची पणजी?" मौनीनं विचारलं. विटांच्या राशीआड कोण होतं ऐकायला? ती बाई गळा काढून ओरडली असेल आणि कुणाला ऐकू गेलं नसेल, एवढंच. ट्रॉली थांबली. दार उघडलं, मौनीला आत घेतलं, आणि दार मिटलं. पुन्हा एक दार, आणि त्या बाहेरच्या बाजूला.

या दारापुढे बाक नव्हता. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. जीव थाऱ्यावर नव्हता. मुलगी जाईल, असा विचार आला. बाळ जाईल, असा आला. दोघंही जातील, आणि लोक म्हणतील, केवढी सोशिक होती हो, शेवटपर्यंत हूं केलं नाही. ते वाक्य त्यांना आत्ताच ऐकू येत होतं, कुणाच्या आवाजात येईल तेही कळत होतं, आणि ते म्हणणाऱ्याचं तोंड फोडावं असं वाटत होतं. आईच्या हातावर दातांचे वण राहिले होते. गिरणीत सूत जोडताना ते दिसत असणार. कुणी विचारलं तर काय सांगत असेल ती? आईवर रागवावं की तिच्या पायावर डोकं ठेवावं, हे त्यांना ठरवता येईना. तिचा दुसरा हात त्या सबंध वेळात आपल्या केसांतून फिरत होता, हेही आता आठवलं. तोही हात खरा होता. ती बाई वाईट नव्हती. तिलाही कुणीतरी असंच सांभाळलं असणार. मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून रडल्या, जाणारे येणारे बघत होते तरी रडल्या, आणि पदर तोंडाशी न्यायचं त्यांना सुचलं नाही.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती. मुलगी झालीय, ते म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवलीय, धापा टाकतेय पण ठीक होईल. आईचं रक्त पुष्कळ गेलं. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. "कळलं कसं तुम्हाला? ती तर काही बोललीच नाही म्हणे." मोठ्या सिस्टरांना हात जोडायचे होते, जोडले. जावई घामाघूम होऊन पोचला, त्याला त्यांनी पेटीकडे पाठवलं आणि स्वतः मौनीच्या खाटेशी येऊन बसल्या. या वेळी आतल्या बाजूला.

दिवस कलला तेव्हा मौनी भुलीतून वर यायला लागली. आधी पापण्या हलल्या. मग भुवया जवळ आल्या. दुखणं तिच्यापर्यंत पोचत होतं, हळूहळू, पोटातून वर, आणि मोठ्या सिस्टरांना ते कुठवर आलं आहे ते चेहऱ्यावरून कळत होतं. तिचे ओठ उघडले, घसा ताणला गेला, आणि सुई नसलेला हात वर आला. आपोआप आला, अर्धवट शुद्धीत, डोळे मिटलेले असताना, तिनं स्वतःच स्वतःच्या तोंडावर तळवा ठेवला आणि दाबला. कुणी शिकवलं होतं तिला हे? तिच्या वेळी तर कुणी तिचं तोंड दाबलं नव्हतं. मोठ्या सिस्टरांनी तो हात धरला. त्यात अजूनही जोर होता, ती सोडेना. त्यांनी एकेक बोट उचललं, हात बाजूला केला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. मौनीनं डोळे उघडून आईकडे पाहिलं, घाबरून, काहीतरी चुकतंय असं वाटून. "असू दे," त्या म्हणाल्या. मग ती ओरडली. आधी फाटका, बसलेला आवाज निघाला, वापरात नसलेल्या नळासारखा, आणि मग मोठा, सबंध हॉलभर. पलीकडच्या खाटेवर शिव्या देणारी सून होती, तिच्या कुशीत आता बाळ होतं. ती दचकून उठून बसली. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून धाकटी हातातलं सगळं टाकून धावत आली.

"काय झालं? काय होतंय तिला?" तिनं मोठ्या सिस्टरांना विचारलं.

"मला नको," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तिला विचार."

धाकटी खाटेवर वाकली, आणि मौनी सांगायला लागली.